शाईच्या रेषेतली माणसे : एका रेखाटन प्रकल्पाच्या नोंदी

8 जून 2024, बेळगाव

ग्रंथालयाच्या स्मरणिकेसाठी दहा रेखाटने करून देण्याचे काम आज ठरले. समितीने 'हातावर पोट असलेली माणसे' असा विषय सुचवला होता. त्यातला कळवळा मला नकोसा वाटला, म्हणून बोलता बोलता मी तो 'कामातले हात आणि बसण्या-उठण्याची ठेवण' इथपर्यंत आटोक्यात आणला. स्मरणिका एकाच रंगात छापली जाणार असल्यामुळे काळ्या शाईखेरीज काही वापरायचे नाही. मूळ चित्राची उंची 30 सेंटिमीटर असेल आणि छापताना ती 18 सेंटिमीटर होईल. वर्गातल्या मुलांची ड्रॉइंग लोअर आणि हायर परीक्षेची तयारी सांभाळून जून ते सप्टेंबर एवढा वेळ हाताशी आहे. या वहीत रोज किती काम झाले याचा हिशेब ठेवण्यापेक्षा कोणती रेघ का ओढली आणि ती ओढल्यावर चित्रातल्या माणसाचे काय झाले, तेवढेच लिहावे असा विचार आहे.

नव्या निबांची पेटी उघडली. गंज धरू नये म्हणून नव्या निबेवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो आणि तो निघेपर्यंत शाई टोकाकडे उतरत नाही, वरच थेंब धरून बसते. कुणी निब काडीच्या आचेवरून फिरवतात, मी थुंकी लावून फडक्याने पुसते. मुलांसमोर मात्र साबणाचे पाणी वापरते.

15 जून, निपाणी

विड्या वळणाऱ्या एका मावशींच्या सोप्यात दोन तास बसले होते. मांडीवर सूप, सुपात एका अंगाला तंबाखू आणि दुसऱ्या अंगाला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पत्र्याचा आयताकृती तुकडा पानावर ठेवून कात्रीने कडा कापायच्या, चिमूटभर तंबाखू लांबट पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी पान वळायचे, रुंद तोंड नखाने आत मुडपायचे आणि बारीक टोकाला दोरा गुंडाळायचा, एवढे सगळे होईपर्यंत माझ्या पेनाने कोपरापासून मनगटापर्यंतसुद्धा मजल मारलेली नसते. हात तेच ते फिरत असतात, त्यामुळे एक फेरी हुकली तरी पुढची लगेच येते आणि हे कामातल्या माणसाचे चित्र काढणाऱ्याचे मोठे भाग्य आहे. फाऊंटन पेनाने अकरा जलद रेखाटने केली. त्यातली दोन बरी आहेत. उरलेल्यांत हात जागेवर आहेत, पण पाठ खोटी आली आहे.

17 जून

त्या दोन रेखाटनांवरून मोठे चित्र केले. आधी पेन्सिलीने बेतले, मग बारीक निबेने बाह्यरेषा ओढली आणि त्यावर पाच तास तिरप्या रेघांची आडवी-उभी जाळी विणली. सोप्यात उजेड दारातून येत होता, त्यामुळे गालाची एक बाजू, मान, पदराखालचा दंड आणि मागची भिंत अशी सगळी सावली जाळीने भरली. चित्र भरगच्च झाले आहे आणि, लिहायला हरकत नाही, मला ते फार आवडले आहे.

29 जून, निपाणी

चित्र घेऊन गेले. मावशींनी ते दाराच्या उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, चित्र लई झाक आलंय. पण ह्या बाईला आजार काय झालाय?"

सोप्यात हशा पिकला आणि त्यात मीही सामील झाले, पण परतीच्या बसमध्ये त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. मावशी पन्नाशीच्या आतल्या आहेत, बोलताना सतत हसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या जवळजवळ नाहीत. माझ्या चित्रातही मी सुरकुती एकही काढलेली नव्हती, काढली होती ती फक्त सावली. घोटाळा इथेच झाला आहे. शाईला करडा रंग नसतो. सावली दाखवायची तर ती रेघांनीच दाखवावी लागते, आणि रेघ सावलीचे काम करत असतानाही रेघच राहते. भिंतीवर पडली तर तीच रेघ पोपडा वाटते, लुगड्यावर पडली तर वीण वाटते आणि गालावर पडली की सुरकुती. त्यात मी गालावरच्या रेघा वरून खाली, जवळजवळ सरळ ओढल्या होत्या. त्या गालाच्या गोलाईबरोबर वळल्या असत्या तर पाहणाऱ्याला गाल गोल दिसला असता. त्या खाली उतरत गेल्या, म्हणून चेहराच खाली ओघळला. म्हणजे आजार मावशींना नव्हता, माझ्या निबेच्या दिशेला होता.

ही सवय कुठून आली तेही कळते. बेळगावात चित्रकला शिकलेल्यांवर के. बी. कुलकर्णी यांच्या व्यक्तिचित्रांची छाया दाट आहे. 1935 साली याच गावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. आमच्या शिक्षकांनीही चेहरा म्हणजे उजेड-सावलीचे पृष्ठभाग असेच शिकवले आणि जलरंगात किंवा तैलरंगात ते शंभर टक्के खरे आहे. मी तेच सूत्र शाईत जसेच्या तसे उतरवले आणि रंगाच्या थराची जागा रेघांच्या गर्दीने भरून काढू पाहिली.

3 जुलै

तेच चित्र कुंचल्याने केले. चार नंबरचा गोल कुंचला, शाई भरपूर, पेन्सिलीचा आधार नाही. कागद जमिनीवर ठेवून सगळा हात खांद्यापासून फिरवला. पाचव्या प्रयत्नात आकृती चौदा फटकाऱ्यांत बसली. मानेपासून पाठीवरून कंबरेपर्यंत एकच रेषा गेली आहे, ती मानेशी केसासारखी सुरू होते, पाठीच्या बाकाला फुगते आणि मांडीशी टेकताना पुन्हा निमुळती होते. रेषा म्हणून पाहिले तर हे मी आजवर ओढलेल्यांपैकी सर्वांत चांगले काम असेल.

आणि तरीही चित्र चुकले आहे. मावशींचा आजार गेला, पण त्यांचे कामही गेले. पाठीच्या त्या डौलदार वळणामुळे त्या वीणा मांडीवर घेऊन बसल्या आहेत असे वाटते. सूप काढून तिथे फुलांची परडी ठेवली तरी चित्राला काही फरक पडणार नाही. दिवसभर वाकून बसलेल्या पाठीत जो ताठरपणा येतो तो मुळी रेषेच्या लयीच्या विरुद्ध असतो. पाठ एका ठिकाणी वळत नाही, ती दोन ठिकाणी मोडते, मानेच्या मुळाशी आणि कंबरेच्या वर. कुंचल्याला मोड आवडत नाही आणि मी कुंचल्याचे ऐकले.

7 जुलै

दोन दिवस स्वतःचे काम बंद ठेवून 1943 च्या बंगालच्या दुष्काळातल्या चित्रांच्या प्रतिकृती समोर ठेवल्या. एकीकडे झैनुल आबेदिन, दुसरीकडे चित्तप्रसाद. एकच दुष्काळ, दोघांकडे काळी शाई, दोघेही तिशीच्या आतबाहेरचे, आणि तरी दोघांच्या रेषेने त्या माणसांचे अगदी वेगळे काही केले आहे.

झैनुल स्वस्त, जाडाभरडा कागद वापरतात आणि कुंचला जवळजवळ कोरडा. शाई कागदाच्या फक्त उंचवट्यांवर लागते आणि रेषा आतून फाटलेली येते. पार्श्वभूमी नाही, रस्ता नाही, घर नाही. बरगड्या, वाडगा, बाजूला कावळा. चेहरे ओळखू येत नाहीत, येऊ नयेत अशीच रेषा आहे, कारण ते चित्र एका माणसाचे नसून भुकेचे आहे. चित्तप्रसाद 1943 च्या नोव्हेंबरमध्ये मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले. त्यांची रेषा भरीव, काळी, कडा स्पष्ट असलेली आहे, आणि कितीतरी चित्रांबरोबर त्यांनी त्या माणसाचे नाव, गाव, घरातले कोण गेले, जमीन किती विकली, हेही लिहून ठेवले आहे. त्यांची रेषा साक्ष देते. त्या भटकंतीच्या छापील पुस्तिकेच्या पाच हजार प्रती इंग्रज सरकारने जाळून टाकल्या. चित्राबरोबर नाव-गाव असले की ते नाकारणे सरकारला अवघड जाते, हे त्या सरकारलाही कळले असावे.

मला यातून एक साधी गोष्ट हाती लागली. फाटकी रेषा माणसाला सर्वांचा प्रतिनिधी करते, बांधीव रेषा त्याला तो स्वतः ठेवते. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, पण चित्र काढण्याआधी आपल्याला यातले काय हवे आहे ते ठरवावे लागते. माझ्या मावशी कसल्याही दुष्काळाच्या प्रतिनिधी नाहीत. त्या निपाणीतल्या एका सोप्यात बसून विड्या वळतात आणि माझ्या चित्राची थट्टा करतात. मला बांधीव रेषा हवी आहे. चित्राखाली नाव लिहू का, असे त्यांना फोनवर विचारले. "नाव नगो, गाव लिवा," म्हणाल्या. तसे करीन.

19 जुलै

आठवडाभर पावसाने उसंत दिलेली नाही. कागद इतका दमट झाला आहे की निबेची रेघ ओढताच दोन्ही बाजूंना मुळे फुटतात. काल काढलेल्या कुंभाराचे हात केसाळ दिसतात. कागद इस्त्रीखाली धरून, मग तासभर दिव्याजवळ ठेवून पाहिला, तेवढ्यापुरते भागते. वर्गातल्या एका मुलाने मात्र फुटलेल्या शाईत मेंढी काढली आणि ती लोकरीसकट उत्तम जमली. कुणाचे नुकसान ते कुणाची मेंढी.

2 ऑगस्ट, वडगाव

यंत्रमागावरचा विणकर. इथे हालचाल माणसाची नाही, मागाची आहे. आडवा धागा नेणारा धोटा डोळ्याला दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो, आणि माणूस त्या खडखडाटात शांत उभा राहून ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एखादा तुटलेला धागा शोधत असतो. घरी येऊन मागाच्या चौकटी आणि ताण्याचे धागे मी पट्टीने ओढले आणि माणूस मोकळ्या हाताने काढला. परिणाम उलटाच झाला. पट्टीच्या रेघांपुढे हाताची रेघ थरथरती, अनिश्चित वाटते आणि चाळीस वर्षे माग चालवणारा माणूस त्या यंत्रापुढे भांबावून उभा राहिल्यासारखा दिसतो. दुसऱ्या खेपेला पट्टी बाजूला ठेवली. मागही मोकळ्या हाताने, पण बारीक निबेने, मागच्या मागे राहील असा काढला, आणि माणसासाठी जाड निब घेतली. ताण्याचे धागे त्याच्या बोटांपाशी येऊन थांबवले आणि बोटांच्या कडेला न टेकवता केसभर पांढरी जागा सोडली. जी रेघ थांबते ती मागे जाते आणि जी सलग राहते ती पुढे येते, हे शाईतल्या चित्राचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे साधन आहे. त्या केसभर फटीने जे साधले ते जाळीदार सावलीच्या तीन तासांनी साधले नसते. बोटांना धागा सापडला आहे असे आता दिसते.

11 ऑगस्ट

बोरूने काम सुरू केले. वेळूची काडी सोलून, टोकाला चीर देऊन तिरपी कत, म्हणजे टोकाचा छेद, दिली, तशी पाटीनंतरच्या पुस्तीसाठी आमच्या आजोबांची पिढी देत असे. बोरूची रेषा निबेसारखी दाबाने जाडबारीक होत नाही, दिशेने होते. कतीच्या तिरपेपणाच्या दिशेने ओढली तर बारीक, तिला आडवी ओढली तर जाड. देवनागरी अक्षराच्या दंडाला आणि वळणाला जी जाडी-बारीकी आहे ती याच कारणाने. त्यामुळे बोरूने काढलेल्या आकृतीत जाडी कुठे येणार हे काही अंशी हत्यारच ठरवते आणि काढणाऱ्याला आपला कळवळा रेषेत ओतायला फारशी जागा राहत नाही. माझ्यासारखीला ही वेसण उपकारक आहे.

शिवाय बोरूत शाई फार मावत नाही. चार-पाच सेंटिमीटर गेले की रेषा कोरडी पडते, हात उचलून पुन्हा दौतीकडे न्यावा लागतो आणि रेषा आपोआप तुटते. मावशींची पाठ मी याच तुटण्यावर बेतली. मानेच्या मुळाशी पहिली रेषा संपते, शाई घेऊन दुसरी थोड्या वेगळ्या कोनात सुरू होते, कंबरेच्या वर ती संपते, मग तिसरी. कुंचल्याने जो मोड द्यायला नकार दिला होता तो बोरूने न मागता दिला. गालावर एकही रेघ नाही. उजेडाच्या बाजूची खांद्याची कडसुद्धा काढलेली नाही, कागदच तिथे खांदा झाला आहे. सगळी रेघांची गर्दी सुपात आणि बोटांभोवती आहे. पाहणाऱ्याची नजर जिथे रेघा दाट असतात तिथे आधी जाते, म्हणून दाटी चेहऱ्यावर केली की चित्र भावनेचे होते आणि हातांवर केली की कामाचे.

24 ऑगस्ट

आपल्या भागाच्या संदर्भात दोन रेषा नोंदवून ठेवते. एक व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांची. ते 1925 साली याच जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मले. त्यांच्या शब्दविरहित चित्रांत बाह्यरेषा सलग, बंद आणि जवळजवळ एकाच जाडीची असते. माणूस, मांजर, खुर्ची, सगळ्यांना तीच रेषा. त्या समानतेमुळे घडणारी अशक्य गोष्ट अगदी रोजची वाटते आणि हसू तिथूनच येते. तेच चित्र फराटेदार कुंचल्याने काढले असते तर रेषा आधीच ओरडून सांगती झाली असती की काहीतरी विनोदी चालले आहे.

दुसरी घाटाखालची, कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्यांतली. तिथे चेहरा बाजूने, डोळा मोठा, दाढी आणि मुकुट ठरलेले. राम ओळखू येतो तो त्याच्या चेहऱ्यावरून नव्हे, त्याच्या वाट्याला आलेल्या रेषेवरून. कथा सांगणाऱ्याला पान उचलून दाखवताच श्रोत्याला कोण ते कळले पाहिजे, त्यामुळे व्यक्तीपण मुद्दाम वगळलेले आहे. शाळेत आम्ही अशा चित्रांना 'प्रमाण चुकले' म्हणून गुण कापत आलो, याची आता लाज वाटते.

1 सप्टेंबर

छपाईचा पहिला नमुना आला आणि पोटात गोळा आला. 30 चे 18 सेंटिमीटर म्हणजे साठ टक्के. माझी 0.3 मिलिमीटरची रेघ छापात 0.18 ची झाली आणि तेवढ्याने बिघडले नसते, पण जाळीतल्या दोन रेघांमधली 0.2 मिलिमीटरची फट 0.12 वर आली आणि शाईने भरून गेली. कुंभाराच्या चाकाखालची सावली डांबराचा डाग झाली आहे. शिवाय चित्रे करड्या छटांत स्कॅन केलेली असल्यामुळे रेघांच्या कडा बारीक ठिपक्यांत विरघळल्या आहेत. छापखान्याचे म्हणणे, चित्रच 'गचडी' आहे. माझे म्हणणे मी फोनवर जरा वरच्या पट्टीत सांगितले. शेवटी तोडगा निघाला तो असा की मूळ चित्रे शुद्ध काळे-पांढरे, 1200 डीपीआयला स्कॅन करायची आणि मी तीन चित्रांतली जाळी काढून टाकून नव्याने करायची. नव्या चित्रांत रेघांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत जाऊ द्यायची नाही. खरे तर या अटीने चित्रे सुधारली, पण हे छापखान्याला सांगणार नाही.

14 सप्टेंबर, निपाणी

अंतिम प्रत मावशींना दाखवली. मांडणीसाठी मी एक बदल केला होता, तो इथे लिहिणे भाग आहे. आपली नजर डावीकडून उजवीकडे वाचत जाते, त्यामुळे उजवीकडे तोंड असलेली आकृती पुढे निघाल्यासारखी आणि डावीकडे तोंड असलेली परतल्यासारखी वाटते. मावशी माझ्या रेखाटनांत डावीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे पान स्मरणिकेत पहिले येणार होते. म्हणून उजेडाच्या काचेवर कागद पालथा घालून मी सगळी आकृती फिरवून घेतली आणि मग बोरूने नव्याने काढली.

त्यांनी या खेपेला चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. सुपावर बोट ठेवून म्हणाल्या, "कात्री ह्या हातात कशी गेली? मी डावरी हाय न्हवं."

तीन महिने मी त्या हातांकडे पाहत होते. कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते, डाव्या हातात धरली की वरचे पाते कापायची कड झाकून टाकते. त्यामुळे मावशी कड पाहत नाहीत, उजव्या अंगठ्याने पत्र्याची धार चाचपत पान कापतात आणि म्हणूनच त्यांचे डोके कामातून वर असते, बोलायला आणि हसायला मोकळे. माझ्या सगळ्या जलद रेखाटनांत डोके वर आहे. ते का वर आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि फिरवलेल्या चित्रात, उजव्या हातात कात्री असताना, त्याला काही कारणच उरले नव्हते.

21 सप्टेंबर

चित्र पुन्हा काढले, मूळच्या दिशेने, डावीकडे तोंड, डाव्या हातात कात्री. उजव्या अंगठ्यासाठी नवी कत दिलेला बोरू वापरला आणि पत्र्याच्या कडेची रेघ अंगठ्याखाली थांबवली. समितीला कळवले की हे पान पहिले नको, शेवटचे ठेवा, तिथे डावीकडे पाहणारी आकृती शोभेल. त्यांनी होकार दिला. खाली फक्त 'निपाणी' लिहिले आहे. दहाही चित्रे बटर पेपर लावून, पुठ्ठ्यात घालून आज दिली. दौतीत बोटभर शाई उरली आहे, ती सोमवारी वर्गात वापरू.